‘शेवटी’ म्हणजे नेमकं कधी? जुगाराच्या गणितातला लांब पल्ला मोजायला शिकताना

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवसापासून आमच्या गावात पत्त्यांचे डाव बसायचे. निंबाला झोके बांधलेले, माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर, घरात खापरावर मांडे आणि आमरस, आणि पुरुष मंडळी पारावर, ओट्यावर, मळ्यात गोल करून बसलेली. खानदेशात हे काही नवीन नाही. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या करारावर राबणाऱ्या शेतगड्याचं, सालही याच सणाला संपतं आणि नवं ठरतं, त्यामुळे एरवी रिकामा असणारा खिसा त्या दोन-चार दिवसांत भरलेला असतो. लहानपणी आमच्या गल्लीतला एक सालदार नव्या सालाची उचल दोन रात्रींत घालवून घरी आलेला मी पाहिला. त्याची बायको ओट्यावर बसून होती, एक शब्द बोलली नाही. तोच आपला सारखा म्हणत होता, "आज नाही, पण शेवटी बरोबर होतं भो."

तो ‘शेवटी’ माझ्या मनातून गेला नाही. पुढे संख्याशास्त्र शिकलो, शिकवायला लागलो, तेव्हा दिसलं की गणितही त्याच शब्दाच्या आधाराने बोलतं: लाँग रनमध्ये, म्हणजे लांब पल्ल्यात, जुगार चालवणाराच जिंकतो. हरणारा म्हणतो शेवटी बरोबर होईल, शिकवणारा म्हणतो शेवटी मालक जिंकेल. पण शेवटी म्हणजे कधी? पोळ्याला? पुढच्या आखाजीला? वीस वर्षांनी? याचं उत्तर आकड्यात देता येतं, आणि दहावीपर्यंतचं गणित आलेल्या कोणालाही ते काढता येतं. वही, पेन आणि वर्गमुळाचं बटण असलेला कॅल्क्युलेटर जवळ घ्या.

पहिली पायरी: खेळ कागदावर मांडा

मी मटक्याचा आकडा घेतो, कारण तो सगळ्यांना ऐकून माहीत आहे. आपल्या कपाशीशी त्याचं जुनं नातंही आहे. सुरुवातीला मुंबईत पैसे लागायचे ते न्यूयॉर्क कॉटन एक्स्चेंजकडून येणाऱ्या कापसाच्या उघडत्या आणि बंद होणाऱ्या भावांवर. ते बंद झाल्यावर मडक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या, ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द दिवसातल्या दोन सोडतींची नावं म्हणून राहिले. महाराष्ट्रात १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याने मटका गुन्हा आहे, आणि २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवरही बंदी आली आहे. आपल्याला इथे फक्त मोजायचं आहे.

आकडा ० ते ९ मधला एक. लागला तर एका रुपयाचे नऊ मिळतात, नाही लागला तर रुपया गेला. चिठ्ठी प्रामाणिकपणे निघते असं धरू. (ती तशी निघत नसेल तर पुढचा सगळा हिशोब आणखी वाईट होतो, बरा होत नाही.) कागदावर दोनच ओळी येतात: दहात एकदा ८ रुपये फायदा, दहात नऊदा १ रुपया तोटा.

दुसरी पायरी: झीज काढा

दहा डावांत सरासरी एकदा ८ मिळाले, नऊदा १ गेला. म्हणजे दहा डावांत १ रुपया कमी. एका डावामागे १० पैसे. पुस्तकात याला अपेक्षित मूल्य म्हणतात. मी वर्गात ‘झीज’ म्हणतो, कारण विळ्याची धार जाते तशी ती जाते, कळत नाही. जोखायची सोपी खूण अशी: दहात एकदा लागणाऱ्या आकड्याला दहापट मिळाले असते तर खेळ समान झाला असता. नऊपट मिळतात. तो एक पट म्हणजेच झीज.

तिसरी पायरी: झोका काढा

बहुतेक लोक दुसऱ्या पायरीवर थांबतात आणि मग त्यांचं कोणी ऐकत नाही. तुम्ही खेळणाऱ्याला सांगता की दर डावाला दहा पैसे जातात, आणि तो म्हणतो, सर, कालच ऐंशी रुपये सुटले. तो खोटं बोलत नसतो. झिजेवर एक झोका चढलेला असतो, वर-खाली जाणारा, आणि जवळून बघणाऱ्याला फक्त झोकाच दिसतो.

या झोक्याला प्रमाण विचलन म्हणतात. ‘लागलं किंवा गेलं’ अशा खेळात ते एका ओळीत निघतं: लागण्याच्या शक्यतेला न लागण्याच्या शक्यतेने गुणा, वर्गमूळ काढा, आणि लागल्यावर हातात जेवढे पट येतात त्याने गुणा. आकड्यासाठी ०.१ गुणिले ०.९ म्हणजे ०.०९, त्याचं वर्गमूळ ०.३, गुणिले ९, म्हणजे २.७.

आता दोन्ही शेजारी ठेवून बघा. एका डावाची झीज १० पैसे, एका डावाचा झोका २ रुपये ७० पैसे. सत्तावीसपट. झीज दिसत नाही ती का, हे इथे लिहिलेलं आहे.

चौथी पायरी, आणि हीच खरी

डाव वाढत गेले की झीज आणि झोका दोन्ही वाढतात, पण सारख्या चालीने नाही. झीज डावांच्या संख्येने वाढते: शंभर डावांना शंभरपट. झोका वर्गमुळाने वाढतो: शंभर डावांना फक्त दहापट, कारण वरचे आणि खालचे हेलकावे एकमेकांना बरेचसे खाऊन टाकतात. झीज हळू निघते पण थांबत नाही. झोका जोरात निघतो आणि दमत जातो. कुठेतरी झीज त्याला गाठणारच. ती कुठे गाठते, तिथे लांब पल्ला सुरू होतो.

दर डावाला एक रुपया धरून मोजू. १०० डावांनंतर झीज १० रुपये, झोका २७ रुपये. झोका अजून पुढे. ७२९ डावांनंतर झीज ७२ रुपये ९० पैसे. ७२९ चं वर्गमूळ २७, त्याला २.७ ने गुणलं की झोकाही ७२ रुपये ९० पैसे. गाठलं. २,९१६ डावांनंतर झीज २९१ रुपये ६० पैसे, झोका १४५ रुपये ८० पैसे. आता झीज दुप्पट.

सूत्र म्हणून लिहायचं तर झोक्याला झिजेने भागा आणि उत्तराचा वर्ग करा. २.७ भागिले ०.१ म्हणजे २७, आणि २७ चा वर्ग ७२९. ही त्या खेळाची गाठ. तिच्या चौपटीवर झीज झोक्याच्या दुप्पट होते, नऊपटीवर तिप्पट.

आता ७२९ कडे नीट बघा. रोज एक ओपन आणि एक क्लोज लावणारा माणूस वर्षाला ७३० डाव खेळतो. म्हणजे आकड्याची गाठ बरोबर एका सालाची आहे, आखाजी ते आखाजी. हे मी पहिल्यांदा मांडलं तेव्हा मला तो सालदार आठवला आणि वहीवरून हात उचलवेना.

शंभर माणसं रोज असे दोन आकडे सारख्या पैशाने लावतात असं समजा. आठवड्याने त्यांतली साधारण ४२ फायद्यात असतील. महिन्याने ३९ च्या आसपास. म्हणजे महिनाभर खेळून बघतो, असं म्हणणाऱ्याला त्या महिन्यातून काहीही कळत नाही; शंभरातले चाळीसेक जण मिशीवर ताव मारत असतात. वर्षाने फायद्यातले १४-१५ उरतात. दोन वर्षांनी ७. चार वर्षांनी २. नऊ वर्षांनी हजारात एखादा. ‘शेवटी’ची कुठलीच तारीख नसते, ही अशी उतरण असते. म्हणून व्याख्या सांगताना दोन गोष्टी सांगाव्याच लागतात: किती डाव, आणि किती खात्रीने.

याकोब बर्नुली या स्विस गणितज्ञाने हे तीनशे वर्षांपूर्वी ओळखलं होतं. तो १७०५ मध्ये वारला. त्याचा ग्रंथ १७१३ मध्ये छापला गेला. त्यात त्याने असा प्रश्न घेतला की घड्यात पांढरे आणि काळे खडे ३ ला २ या प्रमाणात असतील, तर किती खडे काढल्यावर हजाराला एक अशा खात्रीने म्हणता येईल की आपलं उत्तर खऱ्या प्रमाणापासून पन्नासाव्या भागापेक्षा जास्त चुकलेलं नाही? त्याचं उत्तर आलं २५,५५०. आजच्या पद्धतीने साधारण साडेसहा हजारांत काम भागतं, कारण पुढे १७३३ मध्ये द म्वाव्र या गणितज्ञाने घंटेच्या आकाराचा वक्र शोधला आणि हिशोब नेमका झाला. पण प्रश्नाची मांडणी बर्नुलीचीच पक्की: किती जवळ, किती खात्रीने, मग किती वेळा. पहिल्या दोन गोष्टी न सांगता तिसरी विचारणाऱ्याला उत्तर देता येत नाही.

पाचवी पायरी: तीच झीज, वेगळा झोका

जोडी घ्या. ०० ते ९९ मधली एक, लागली तर नव्वदपट. झीज काढा: शंभरात एकदा नव्वद, म्हणजे रुपयामागे पुन्हा १० पैसेच. खेळणारा म्हणेल, मग काय फरक? झोका काढा: ०.०१ गुणिले ०.९९, वर्गमूळ साधारण ०.०९९५, गुणिले ९०, म्हणजे ८.९५५. भागिले ०.१ केलं की ८९.५५, आणि त्याचा वर्ग ८,०१९.

रोज एक जोडी लावणाऱ्याला ८,०१९ डाव खेळायला जवळपास २२ वर्षं लागतात. चौपटीला पोहोचायला ८८ वर्षं. एवढं आयुष्य कोणाकडे आहे?

झीज अगदी तेवढीच असून आकड्याचं उत्तर वर्षात दिसायला लागतं आणि जोडीचं पिढीभर दिसत नाही. रोज जोडी लावणाऱ्या शंभर जणांपैकी वर्षाअखेर ३० फायद्यात असतील, आणि दहा वर्षांनीही २५. म्हणून प्रत्येक गावात जोडीवर घर बांधलेल्या माणसाची गोष्ट असते, आणि ती बऱ्याचदा खरी असते. मोठं बक्षीस, कमी शक्यता, असा कुठलाही खेळ असला की लांब पल्ला इतका लांब जातो की अनुभवातून माणूस काहीच शिकू शकत नाही. मला हा या विषयातला सगळ्यात धोक्याचा भाग वाटतो. तिथे अनुभव साक्षीला उभा राहत नाही, फक्त कागद राहतो.

गोव्याच्या कॅसिनोत जाऊन आलेली पोरं आता आपल्याकडेही आहेत, त्यांच्यासाठी एक ओळ: एका शून्याच्या रूलेटमध्ये (३७ घरांचं फिरतं चाक: १८ लाल, १८ काळी, एक शून्य) लाल-काळ्यावर लावलं तर गाठ १,३६८ डावांवर, एकाच नंबरावर लावलं तर ४६,६५६ डावांवर. झीज दोन्हीकडे एकच, ३७ रुपयांमागे एक रुपया. करून पडताळा.

सहावी पायरी: डाव मोजताना फसू नका

आतापर्यंत सगळे डाव सारख्या रकमेचे धरले. खरा माणूस तसं खेळत नाही. शंभर दिवस रोज १० रुपये लावतो, आणि आखाजीला हात मोकळा झाला की एकदाच १,००० लावतो. त्याला वाटतं आपण १०१ डाव खेळलो.

गणिताच्या लेखी किती डाव झाले हे काढायचं असेल तर सगळ्या रकमांची बेरीज करून तिचा वर्ग करा, आणि प्रत्येक रकमेच्या वर्गांच्या बेरजेने भागा. बेरीज २,०००, तिचा वर्ग ४० लाख. वर्गांची बेरीज: शंभर वेळा १०० म्हणजे १०,०००, अधिक एकदा १० लाख, एकूण १० लाख १० हजार. भागाकार ३.९६. शंभर दिवसांचा खेळ, आणि गणिताला तो चार डावांएवढा. त्या एका डावाने बाकीचे शंभर पुसून टाकले.

हरल्यावर रक्कम दुप्पट करत जाणारे याच खड्ड्यात असतात. १० रुपयांपासून सुरू करून सलग दहा डाव गेले तर १०,२३० रुपये गेलेले असतात आणि अकराव्यासाठी १०,२४० लागतात, तेही पहिले दहा रुपये कमावण्यासाठी.

भरपाई नावाची समजूत

आता त्या सालदाराच्या वाक्याकडे. ‘शेवटी बरोबर होतं’ यात एक खरी गोष्ट चुकीच्या ठिकाणी बसलेली आहे. छापा-काटा खूप वेळा केला की छाप्यांचं प्रमाण निम्म्याजवळ येतं, हे खरं. पण म्हणून आधी कमी पडलेले छापे नंतर भरून निघतात, हे खरं नाही. नाण्याला आठवण नसते.

दुसऱ्या महायुद्धात जॉन केरिच नावाचा गणिती डेन्मार्कमध्ये नजरकैदेत होता. वेळ होता म्हणून त्याने १०,००० वेळा नाणं उडवून प्रत्येक निकाल लिहिला. पहिल्या १०० मध्ये ४४ छापे, म्हणजे निम्म्यापेक्षा ६ कमी. १,००० ला ५०२, म्हणजे २ जास्त. १०,००० ला ५,०६७, म्हणजे ६७ जास्त. टक्केवारी ४४ वरून ५०.६७ वर आली, निम्म्याच्या जवळ. आणि नगांमधला फरक? सहावरून सदुसष्टवर गेला. टक्केवारी सुधारते कारण भागणारी संख्या मोठी होते. पूर्वीचं काही कोणी परत करत नाही. आणि खिशातून जातात ते नग, टक्के नव्हेत.

आकडा खेळणाऱ्याने हेही जाणून घ्यावं: वर्षाच्या ७३० डावांत कधीतरी सलग चाळीसेक डाव कोरडे जाणं अगदी नेहमीचं आहे. म्हणजे वीस दिवस काहीच नाही. एकविसाव्या दिवशी शक्यता तेवढीच, दहात एक. "आता तर येणारच" असं म्हणून रक्कम वाढवली जाते ती त्याच दिवशी, आणि मग सहाव्या पायरीतला हिशोब लागू होतो.

खिसा आणि नाल

लांब पल्ला गाठायला तिथवर टिकावं लागतं. दोघं मित्र, छापा-काटा, दहा रुपयांचा डाव, झीज शून्य, अगदी समान खेळ. तुमच्याकडे २०० रुपये, त्याच्याकडे २,०००. कोणाचातरी खिसा रिकामा होईपर्यंत खेळलात, तर रिकामे होणारे तुम्ही असण्याची शक्यता २,००० भागिले २,२००, म्हणजे ९१ टक्के. खेळ समान आहे, खिसे समान नाहीत. लांब पल्ल्याची गणितं डाव चालूच राहणार असं धरतात. तुमचा डाव मात्र शेवटच्या नोटेपाशी संपतो.

आणि आखाजीचे पत्ते? घरचे-गावचे सहा जण बसले, कोणी नाल, म्हणजे जागा देणाऱ्याचा वाटा, घेत नाही, तर एकूण पैसा त्या सहा जणांतच फिरतो. नाल सुरू झाली की चित्र बदलतं. सहा जण, प्रत्येकी १,००० रुपये. डावात सरासरी २०० जमतात, जागा देणारा शेकडा ५ म्हणजे १० रुपये काढतो. तासाला वीस डाव झाले तर २०० रुपये. दहा तासांची रात्र म्हणजे २,०००. सहा हजारांतले दोन हजार उजाडेपर्यंत डावातून निघून गेले, आणि खेळणारे मात्र एकमेकांकडे संशयाने बघत असतात की माझे पैसे तुझ्याकडे गेले. नाल घेणाऱ्याला झोकाच नाही. तिसऱ्या पायरीप्रमाणे काढायला गेलात तर झोका शून्य, आणि शून्याला कशानेही भागा, शून्यच. त्याचा लांब पल्ला पहिल्या डावालाच सुरू झालेला असतो.

कोणाच्या घरात हे हाताबाहेर गेलं असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. वहीतला हिशोब दाखवून सवय सुटतेच असं नाही, हे मी पाहिलं आहे. तिथे माणसाशी बोलणारं माणूस लागतं.

हाताने करून बघा

हे सगळं वाचून पटलं तरी अंगात मुरत नाही, म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी एक काम देतो. सारख्या आकाराच्या दहा चिठ्ठ्यांवर ० ते ९ लिहा आणि तांब्यात टाका. एक आकडा आधी वहीत लिहा, मग चिठ्ठी काढा. लागला तर अधिक ८, नाही तर उणे १. चिठ्ठी परत टाका, ढवळा, पुढची. चौदा झाल्या की एक आठवडा. तिथे आडवी रेघ मारा आणि जमा-नावे लिहा. दर चिठ्ठीला दहा सेकंद धरले तर ७३० चिठ्ठ्यांना दोन तास लागतात. पैसे लावू नका, एक रुपयाही नको. लावले की हात थरथरतो आणि वही खोटी होते.

प्रत्येक रेघेपाशी, बेरीज करण्याआधी, त्या क्षणी काय वाटतंय ते एका शब्दात समासात लिहून ठेवा. ‘जमतंय’, ‘आता येईल’, ‘सोडावं’, जे खरं असेल ते. पेनाने लिहा, म्हणजे नंतर खोडता येणार नाही. बावन्न आठवडे झाले की समास वरून खाली एकदा सलग वाचा, आणि मग शेजारची जमा-नाव्याची ओळ.